नमुन्याचं खुरपं

बाबांना फक्त मायचं खुरपं परत हवं होतं. चीनहून आलेल्या मालाचं काय होईल, तो खपेल की पडून गंजेल, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. ट्रक विहाराशेजारच्या खोलीपुढे उभा राहिला आणि हमाल खोके उतरवू लागले, तेव्हा ते प्रत्येक खोक्यावर हात ठेवून विचारत होते, "ह्याच्यात आहे का?" हमाल आदिलाबादहून आलेले, तेलुगू बोलणारे. म्हातारा माल मोजतो आहे असं त्यांना वाटलं असावं.

मायचं नाव सखूबाई. भीमपूर मंडलातल्या आमच्या गावात ती जन्मभर दुसऱ्यांच्या वावरात निंदायला गेली. बाबा मराठी शाळेवर मास्तर झाले, गाव त्यांना दौलत गुरुजी म्हणू लागलं, मीही शाळेत शिकवू लागले, तरी तिनं ते सोडलं नाही. घरी बसून अंग दुखते, म्हणायची. बायांच्या रांगेत ती नेहमी डाव्या कडेची पात, म्हणजे निंदायचा पट्टा, धरायची. लहानपणी मला वाटायचं, आम्ही कोण आहोत हे ठाऊक असल्यामुळे तिला कडेला बसवतात. पहिल्यांदा कदाचित तसंच झालं असेल. पुढे मात्र ती जागा तिनं स्वतःच मागून घेतली होती.

गेल्या वर्षी कपाशीची बोंडं फुटायच्या दिवसांत ती तापानं गेली. तिची लुगडी सोबतिणींना वाटली. चपला कोणी नेल्या कळलं नाही. खुरपं राहिलं. बाभळीची मूठ, ती एका बाजूनं चिरली म्हणून तांब्याच्या तारेचे वेढे, आणि अंगठा टेकायच्या जागी खळगा. तो खळगा कोणी कोरला नव्हता. पातं झिजून मूळच्या निम्मं झालं होतं. बाबांनी ते मायच्या फोटोखालच्या फळीवर ठेवलं आणि रोज सकाळी कोरड्या फडक्यानं पुसू लागले.

आमच्याकडे खुरपं नवं करायचं म्हणजे जुनं लोहाराकडे न्यायचं. धोंडीबा लोहार ते उलटंपालटं करून बघायचा आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी दोन्ही परत द्यायचा, नवं वापरायला आणि जुनं अडीअडचणीला. नवं खुरपं जुन्यासारखं दिसत नसे. जुनं झिजण्याआधी जसं असेल तसं तो घडवायचा. त्यात झीज किती आणि घडण किती, हे त्याला सांगावं लागत नसे, आणि जुनं परत कर असंही कोणी म्हणत नसे. धोंडीबा वारला, त्याची मुलं निर्मलला वर्कशॉपमध्ये लागली, भाता बंद पडला. बाबांच्या डोक्यात मात्र रीत तीच राहिली.

माझा धाकटा भाऊ हर्षदीप हैदराबादला नोकरी करतो. माय गेल्यावर त्याला सुचलं की गावातल्या महिला संघाच्या नावानं उत्तम खुरपी बनवून घ्यावीत, त्यांना 'सखू' नाव द्यावं आणि आदिलाबादपासून नदीपलीकडे यवतमाळपर्यंत विकावीत. दुःखात माणसाला काहीतरी करावंसं वाटतं, आणि त्याच्या हातात करण्यासारखं एवढंच होतं. जवळपासच्या वर्कशॉपवाल्यांनी मोठ्या कामाला नकार दिला. मग त्याला सुरेंद्र नावाचा मध्यस्थ भेटला. चीनमधल्या कारखान्यांकडून वस्तू बनवून आणणं हा त्याचा धंदा.

सुरेंद्र आमच्या घरी आला, चहा प्यायला आणि त्यानं ड्रॉइंग मागितलं. खुरप्याचं ड्रॉइंग कोणाकडे असतं? मग तो म्हणाला, नमुना द्या, जो सगळ्यात चांगला असेल तो द्या, कारखाना हुबेहूब तसाच बनवेल. बाबा उठले आणि फळीकडे गेले.

मी म्हटलं, "बाबा, ते नका देऊ. पंचफुला मावशीचं मागून आणते मी." मावशी मायच्याच रांगेत निंदायची.

"काऊन?" बाबा म्हणाले. "सगळ्यात चांगलं मागतलं त्यानं. गावात हिच्याएवढी पात कोण काढत होतं?"

त्यांनी ते मायच्या पातळाच्या तुकड्यात गुंडाळलं आणि सुरेंद्रच्या हाती देताना त्यांच्या शाळकरी हिंदीत सांगितलं, नया हुआ की पुराना वापस. सुरेंद्र म्हणाला, "हां सर, बिलकुल." कुठल्याही गिऱ्हाइकाला जसं म्हणाला असता तसंच.

करारात एक ओळ होती की माल नमुन्याप्रमाणे असेल. नमुन्याचं पुढे काय करायचं, याबद्दल काहीच नव्हतं. करार हर्षदीपनं वाचला, मीही वाचला. आम्हा दोघांना इंग्रजी येतं.

हिवाळा सरता सरता कारखान्यातून पहिला नग आला, पसंतीसाठी. बाबांनी वेष्टन सोडलं. मूठ लाकडाच्या रंगाच्या प्लास्टिकची होती, पण चीर जिथल्या तिथं होती. तारेचे वेढे प्लास्टिकात उमटले होते. अंगठ्याचा खळगा होता. पातं मायच्या खुरप्याइतकंच झिजलेलं होतं, फक्त चकचकीत. हर्षदीपनं फोनवर समजावलं की तिकडे वस्तूचा सगळ्या बाजूंनी स्कॅन घेतात, त्यात केसाचाही फरक पडत नाही.

"हे तं तिचंच आहे," बाबा म्हणाले.

सुरेंद्रचं म्हणणं होतं की वावरात चालवून पाहा आणि मग पसंती कळवा. एका बाबतीत तरी तो बरोबर होता. पण तेव्हा वावरात निंदायला काही नव्हतं, कपाशीच्या नुसत्या वाळक्या पऱ्हाट्या उभ्या होत्या. मी बाबांना म्हणाले की निदान बाया येऊन हातात धरून बघू देत. मला ती प्लास्टिकची चीर बघवत नव्हती, तेही मी बोलले. त्यांनी तो नग फळीवर ठेवून मेणबत्ती लावली होती. जे फोटोपुढे ठेवलं ते उचलून गवतात चालवायला ते तयार नव्हते. "परीक्षा कायची घेता?" ते म्हणाले. "दिसून नाही राह्यलं का?" कारखान्यातली मशिनं थांबून आहेत असे निरोप येत होते. हर्षदीपनं पसंती कळवून टाकली.

त्याच फोनवर बाबांनी जुन्याची चौकशी केली. उत्तर आलं की माल पूर्ण होईपर्यंत ते कारखान्यात लागेल.

माल मृगाआधी येणार होता. मृग गेला. मग कळलं की ज्या कारखान्याशी बोलणं झालं होतं त्यानं काम दुसऱ्याच कारखान्याला दिलं होतं, आणि आमचं खुरपंही तिकडे गेलं होतं. सुरेंद्रनं त्या दुसऱ्या कारखान्याच्या एका बाईचा नंबर दिला. तिचं चिनी नाव आम्हाला म्हणता येणार नाही म्हणून तिनं एमिली हे नाव घेतलं होतं. तिच्या प्रत्येक निरोपाखाली एक फूल असायचं. पहिली निंदनी झाली, दुसरी झाली. बाया आपापली जुनी खुरपी घेऊन गेल्या नि आल्या. त्या येताजाताना बाबा ओट्यावर बसलेले दिसले की पंचफुला मावशी हाक मारायची, "गुरुजी, तुमची खुरपी समुद्रात निंदून राह्यली का जी?" बाबा हसायचे. तेवढंच ते दिवसभरात हसायचे.

ऑगस्टपासून ते मालाबद्दल बोलेनासे झाले. मायचा वर्षाचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम जवळ येत होता. भंतेजींना निरोप गेला होता. त्या दिवशी फोटोपुढे खुरपं हवं, एवढंच ते म्हणत. फळीवर कारखान्याचा नग होताच, पण जसजसे महिने गेले तसतसं त्यांनी त्याच्याकडे बघणं सोडलं होतं. मेणबत्तीही लावत नसत. रोज सकाळी फडकं हातात घेऊन ते फळीपुढे उभे राहात आणि न पुसताच परत येत. जेवण निम्मं झालं होतं. मला शाळेत फोन करून विचारायचे, "एमिलीचं काही आलं का?" ते नाव त्यांच्या तोंडी ऐकवत नसे.

माल आला तो कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी. निंदनं केव्हाच संपली होती, कापूस वेचायला आला होता. हमाल गेले, आणि महिला संघाच्या बाया वेचणीवरून परतताना थांबल्या. बाबा आत खोके फोडत होते. मी बाहेर एक खोका उघडून बायांना खुरपी वाटली. विहाराच्या कुंपणाला गवत माजलं होतं, त्यात त्या बसल्या.

सोनाबाईनं दोनतीनदा पातं मारलं, ते गवतावरून नुसतं सरकलं. तिनं मनगट वळवून पाहिलं. दुसरीनं खुरपं उलटं धरलं, मग परत सुलटं. पोलाद चांगलं होतं. ते वाकत नव्हतं, धारही होती. पण पात्याची मान दुसऱ्याच बाजूला वळलेली होती आणि मुठीतल्या खळग्याची कड अंगठ्याखाली न येता तळव्याला बोचत होती.

"काय वं माय," पंचफुला मावशी म्हणाली, "चीनच्या बाया साऱ्या डाव्या हाताच्या असतेत का?"

बाया हसल्या. मीही हसले असते. मग मावशीनं सहज खुरपं डाव्या हातात घेतलं. तिचा अंगठा खळग्यात जाऊन बसला आणि तिचं हसू थांबलं. तिनं खुरपं गुडघ्यावर ठेवलं.

"हा तं सखूचा हात आहे," ती म्हणाली.

माय डावखुरी होती. आम्हाला हे माहीत नव्हतं असं नाही. जेवताना ती उजवा हात वापरायची, तिच्या आईनं मारून तशी सवय लावली होती. भाकरी थापताना, निंदताना डावा. कडेची पात तिला त्यासाठीच लागायची, म्हणजे कोपर शेजारणीला लागत नसे. धोंडीबा तिच्या खुरप्याची मान इतरांच्या उलट वळवायचा. पण घरातलं माणूस कोणत्या हातानं काय करतं हे घरातल्यांना इतकं रोजचं असतं की ते कुणाच्या ध्यानात राहत नाही, आणि ती गेल्यावर तर बाबांना तिचं खुरपं हे खुरप्याचं मूळ रूपच वाटू लागलं होतं. सुरेंद्रनं सगळ्यात चांगलं मागितलं, बाबांनी सगळ्यात चांगलं दिलं, आणि कारखान्यानं त्यात काहीही न बदलता हजारो बनवली. चूक कुठं झाली असं विचारलं तर बोट ठेवायला जागा सापडत नाही.

सोनाबाईनं विचारलं की डाव्या हातानं सवय करून घेता येईल का. मावशीनं मान हलवली. "तिच्या हातात हात घालून कसं निंदावं वं?" एकेक करून बायांनी खुरपी खोक्यात परत ठेवली. कोणी टाकलं नाही, ठेवलं. पाती एका दिशेला करून.

हर्षदीप हैदराबादहून, मलाही त्याच कॉलवर घेऊन, सुरेंद्रशी भांडत होता. सुरेंद्रचं म्हणणं सरळ होतं: करारात नमुन्याप्रमाणे लिहिलं आहे, नमुना काढा आणि ताडून पाहा, एका बाजूनं जरी फरक असेल तर मी जबाबदार. हर्षदीपनं विचारलं, नमुना आहे कुठं? सुरेंद्र म्हणाला, मालाबरोबरच परत पाठवला असेल, नेहमी तसंच होतं, कुठल्यातरी खोक्यात असेल.

हे बाबांना कळायला नको होतं, पण माझा फोन स्पीकरवर होता. त्यानंतर ते खोलीतून बाहेर आले नाहीत.

मी आत गेले तेव्हा त्यांनी भिंतीच्या बाजूची खोक्यांची रांग धरली होती. प्रत्येक खुरपं वेगळ्या पुठ्ठ्यात होतं, पुठ्ठ्याआत प्लास्टिकची पिशवी. ते पुठ्ठा सोडवत, पिशवी फाडत, मुठीवरून नख ओढून प्लास्टिक की लाकूड ते बघत आणि खुरपं बाजूला ठेवत. नुसतं डोळ्यांनी कळलं असतं. मी तसं म्हणाले. ते म्हणाले, "डोळे नाही पुरत. हुबेहूब केलं त्याहिनं."

मी दारात बसून एमिलीला लिहिलं. सुरेंद्रला मध्ये न घेता, जितकं साधं लिहिता येईल तितकं. नमुना म्हणून पाठवलेलं खुरपं माझ्या आईचं आहे. उद्या तिला जाऊन वर्ष होतं. ते कोणत्या खोक्यात आहे ते कृपया सांगा.

तिकडे संध्याकाळ होऊन गेली असावी, तरी उत्तर लगेच आलं. आधी एक फोटो आला. पांढऱ्या टेबलावर पात्याचे तुकडे ओळीनं मांडलेले, प्रत्येकावर चिनी अक्षरात खूण. शेजारी मूठ, उभी चिरलेली, दोन अर्ध्या वाट्यांसारखी उघडी. तांब्याची तार सोडवून एका बाजूला गुंडाळी करून ठेवलेली. फोटोखाली तिनं लिहिलं होतं की पोलाद कोणतं आहे हे कळण्यासाठी नमुना कापून तपासावा लागला, म्हणूनच पोलाद अगदी बरोबर जुळलं. तुकडे नंतर भंगारात गेले. गिऱ्हाईक सहसा नमुना परत मागत नाही. परत हवा असल्याचं त्यांना कोणी कळवलं नव्हतं. मग पुढच्या निरोपात एवढंच: तुमच्या आईबद्दल वाईट वाटलं. या खेपेला खाली फूल नव्हतं.

तिनं खोटं सांगितलं असतं तर मला तिचा राग तरी करता आला असता. त्यांनी काम इमानानं केलं होतं. मायच्या खुरप्यासारखं पोलाद मिळावं म्हणून त्यांनी मायचं खुरपं कापलं होतं.

मी बाबांपुढे जाऊन खाली बसले आणि सांगितलं. आडवळणानं नाही. ते ऐकत राहिले, हातातलं खुरपं धरून.

"मूठ?" त्यांनी विचारलं.

"मूठपण."

मी फोन पुढे केला. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि फोटो बराच वेळ पाहिला. बोटानं मोठा केला, तारेच्या गुंडाळीपाशी नेला. ती तार त्यांनीच आणून दिली होती, शाळेच्या जुन्या घंटेच्या विजेच्या वायरीतून काढून. त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

"हे दुसऱ्या कोणाचं असन," ते म्हणाले. "कारखान्यात लय खुरपी येत असतीन, पोरी. त्या बाईची गफलत झाली." आणि त्यांनी पुढचा पुठ्ठा सोडवला.

दुसऱ्या दिवशी भंतेजी आले. परित्राणपाठ झाला. विहारात बाया पांढऱ्या साड्या नेसून बसल्या होत्या, हर्षदीप पहाटेच्या गाडीनं आला होता. फोटोपुढे मेणबत्त्या होत्या, फुलं होती, आणि मध्ये पांढऱ्या कापडाची घडी, जिच्यावर बाबांनी खुरपं ठेवायचं ठरवलं होतं. ती रिकामीच होती. फळीवरचा नग आणून ठेवावा का असं हर्षदीपनं मला खुणेनं विचारलं. मी नाही म्हणाले. बाबा वंदनेला आले, पहिल्या ओळीत बसले, हात जोडले. त्यांच्या बोटांना पुठ्ठ्याच्या कडांनी कापलं होतं. खीर वाढायला सुरुवात झाली तेव्हा ते उठले आणि कोणाला न सांगता शेजारच्या खोलीत गेले.

हर्षदीप त्यांच्या मागं गेला आणि थोड्या वेळानं डोळे पुसत परत आला. तो माझ्यापेक्षा लहान आहे. त्याला वाटत होतं हे सगळं त्याच्यामुळे झालं, आणि तसं नाही हे त्याला पटवून देण्याइतकं बळ माझ्यात त्या वेळी नव्हतं.

पंचफुला मावशी ताट घेऊन माझ्याशेजारी आली. तिला मी सकाळीच फोटो दाखवला होता.

"गुरुजीले सांगतलं का?"

"सांगितलं."

"मंग?"

"शोधून राह्यले."

मावशीनं खीर संपवली. सावकाश, वाटी निथळून. मग वाटी धुवून पालथी घातली आणि बायांकडे वळून म्हणाली, "चला वं."

त्या खोलीत गेल्या. मी दारात उभी राहिले. बाबांनी मान वर करून त्यांना पाहिलं. न उघडलेले खोके अजून अर्ध्याहून जास्त होते, मागच्या भिंतीपर्यंत रांगा लागलेल्या. मावशीनं पदर खोचला आणि एका रांगेपुढे बसली. तिच्याशेजारच्या रांगेपुढे सोनाबाई. मग बाकीच्या, एकीला एक रांग, वावरात बसतात तशा अंतर ठेवून, तोंडं एकाच दिशेला. कोणाला कुठं बसायचं हे कोणी सांगितलं नाही. पुठ्ठे फाटू लागले. प्रत्येक खुरपं पिशवीतून निघत होतं, त्याच्या मुठीवरून एक नख फिरत होतं, आणि ते बाजूला ठेवलं जात होतं. ते तिथं नाही हे त्या सगळ्यांना माहीत होतं.

डाव्या कडेच्या रांगेपुढे कोणी बसलं नव्हतं.

बाबांच्या ते लक्षात यायला वेळ लागला. मग ते आपल्या जागेवरून उठले, गुडघ्यांवर हात टेकत, आणि त्या कडेच्या रांगेपुढे जाऊन बसले. त्यांनी पहिला खोका ओढला. चिकटपट्टी उजव्या हातानं सुटेना, म्हणून त्यांनी डावा लावला.